सहा खोकी आणि आढीची खोली

अठ्ठ्याण्णव साली आमच्या घरी रंगीत टीव्ही आला आणि त्याच आठवड्यात बाबांनी त्याचा निकाल लावून टाकला.

"हा पुटपुटतो," ते म्हणाले. "जुना काळा-पांढरा बरा होता. निदान स्वच्छ बोलायचा."

बाबा रत्नागिरीच्या कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी साक्षीदारांचं पुटपुटणं ऐकण्यात गेली. त्यांच्या कानांची ख्याती अशी, की एखादा वकील मनातल्या मनात खोटं बोलला तरी बाबा टेबलावरून मान वर करून त्याच्याकडे बघायचे. संध्याकाळी होड्या खाडीत शिरायला लागल्या की आमच्या ओटीवर बसून, नुसत्या इंजिनाच्या आवाजावरून, आज कुणाला मासळी लागली आणि कोण रिकामा परत आला ते सांगायचे. मी हे वाढवून सांगतोय असं कुणाला वाटेल. वाढवून सांगतोयच, पण थोडंच.

तर अशा माणसाला ऐकू येईनासं झालं. हे वाक्य मी आज लिहितोय, पण तेव्हा आमच्या घरात ते कुणी उच्चारलं नाही. आमच्याकडे माणसाचं उणं त्याच्या तोंडावर काढायची पद्धतच नाही. काकांना दिसेनासं झालं तेव्हा घरातले सगळे बल्ब बदलून मोठे बसवले आणि आमच्याकडे विजेचा दाबच कमी असतो असं सगळ्यांनी एकमेकांना सांगितलं. आत्याचे गुडघे गेले तेव्हा पायऱ्या बांधणाऱ्या गवंड्याला शिव्या घातल्या आणि चांगल्या मजबूत चिऱ्याच्या पायऱ्या फोडून बुटक्या बांधल्या. त्याच न्यायानं आता दोष टीव्हीचा होता, दुरुस्ती टीव्हीची करायची होती आणि घरात स्क्रूड्रायव्हर सरळ धरता येणारा मी एकटा होतो.

मी बँकेत कारकून. कॉलेजात असताना एकदा ट्रान्झिस्टर उघडून परत बंद केला होता आणि त्यानंतरही तो वाजला होता. एवढ्या भांडवलावर आमच्या आळीत मी इंजिनिअर म्हणून ओळखला जात होतो.

सुरुवातीला बाबा संध्याकाळच्या बातम्यांना आत येऊन बसायचे. मग पाच मिनिटांत उठायला लागले. "आत उकडतं," म्हणायचे आणि ओटीवर जाऊन बसायचे. त्यांना जानेवारीतसुद्धा उकडायचं. हळूहळू जेवतानाचं बोलणंही गेलं. कुणी काही विचारलं की हसून मान डोलवायची, एवढंच राहिलं. त्या मान डोलवण्यानं अनर्थ केले. शेजाऱ्यानं येऊन विचारलं, "आमची शेळी दोन दिवस तुमच्या आवारात बांधू का?" बाबांनी मान डोलावली. ते दोन दिवस काही वर्षं चालले. शेळीनं आईची सगळी अबोली खाल्ली, आमच्याच आवारात तिची बाळंतपणं झाली, आणि शेजाऱ्याला हटकलं की तो म्हणायचा, "बाबांनी स्वतः हो म्हटलंय. विचारा त्यांना." बाबांना कोण विचारणार?

एक दिवस आईनं मला स्वयंपाकघरात गाठलं.

"संध्याकाळचे एकटेच बाहेर अंधारात बघत बसतात. मला बघवत नाही रे. त्यांना आत आण. काय खोकंबिकं लावायचं ते लाव, पण माणसांत आण."

एवढंच काम होतं. बाबांना ओटीवरून उठवून आत आणायचं, आणि त्यांनी आत टिकायचं. त्यासाठी मला सहा वर्षं लागली आणि शेवटी ते मी केलंच नाही.

बाजारात एक टीव्ही दुरुस्त करणारा होता. त्याच्या दुकानात उघडून ठेवलेल्या टीव्हींची इतकी गर्दी होती, की त्यात तो स्वतः सापडायला वेळ लागायचा. त्यानं माझी तक्रार ऐकून घेतली.

"साहेब, तुमचा टीव्ही एका नाकपुडीनं बोलतोय. दुसरी उघडा. दोन स्पीकर बसवा, डावा नि उजवा."

"त्यानं शब्द स्वच्छ येतील?"

"शब्द? नट पडद्यातून उतरून तुमच्या मांडीवर बसतील."

तयार स्पीकर परवडणारे नव्हते. मग नुसते स्पीकरचे पडदे त्याच्याकडून घेतले आणि खोकी आमच्या सुताराकडून करवून घेतली. हा सुतार जन्मभर देव्हारे करत आलेला. माळ्यावर दारासाठी राखून ठेवलेलं फणसाचं लाकूड होतं. ते बघून म्हणाला, "मृदंग फणसाचा असतो की नाही? मग हे का नको?" मला पटलं. पंधरवड्यानं खोकी आली ती महिरपीसकट. वर छोटा कळस, खाली कमळाच्या पाकळ्या, आणि मधे जिथे देव बसायचा तिथे वूफर. एकेक खोकं हलवायला चार माणसं लागायची, त्यातला एक तरी कमरेतून जायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर आईनं दोन्हींवर एकेक जास्वंद ठेवलेली.

"आई, हे स्पीकर आहेत."

"असू देत. वाईट काय त्यात?"

बाबांना मधोमध खुर्ची मांडून बसवलं. बातम्या लावल्या. बाबांनी डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, कळसाला हात लावून बघितला. "छान आहे," म्हणाले आणि ओटीवर गेले.

आमच्या घरात 'छान आहे' म्हणजे विषय संपला. बिघडलेल्या आमटीला छान आहे म्हणतात. मुलगी नाकारताना छान आहे म्हणतात. मी तिथेच थांबायला हवं होतं. पण त्याच सुमारास 'होम थिएटर' हा शब्द घाट उतरून रत्नागिरीत पोचला आणि त्या टीव्हीवाल्यानं मला परत गाठलं. डावा-उजवा म्हणजे नुसतं संगीत, तो म्हणाला. बोलणं येतं ते मधल्या स्पीकरातून. मधला घ्या. मधला घेतला. मग म्हणाला, मागचे दोन नसतील तर मधल्याला उभारी येत नाही. आणि जमीन हादरवणारा सबवूफर नसेल तर बाकीचे पाच पोरके. एकदम घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून दिवाळीच्या बोनसला एकेक घ्यायचं ठरवलं, खोकी मात्र त्याच सुताराकडून, उरलेल्या फणसाची.

शाळेत एक गणित असायचं. एका तोटीनं हौद भरतो, दुसरीनं रिकामा होतो, तर हौद कधी भरेल? ते गणित ज्यानं काढलं त्यानं रत्नागिरीत स्पीकर लावले असणार. दिवाळीला एक यायचा, आषाढात एक जायचा. खाऱ्या हवेनं तारांना हिरवी बुरशी चढायची. कागदी पडदे पावसाळी पापडासारखे मऊ पडायचे आणि त्यातून बोलणारा नायक सर्दी झाल्यासारखा वाटायचा. मागच्या स्पीकरच्या भोकात पालीनं अंडी घातली. आवाज वाढवला की पिल्लं बाहेर यायची, रांगेत भिंतीवर बसून थोडा वेळ ऐकायची आणि परत आत जायची. एका ऑक्टोबरात वीज कडाडली आणि अॅम्प्लिफायरमधून एवढा पांढरा धूर निघाला, की शेजारी विचारायला आले, तुमच्याकडे धूप फार छान आहे, कुठून आणलात? तो टीव्हीवाला प्रत्येक वेळी मागचं झाकण उघडायच्या आधीच सांगायचा, "आयसी गेला." त्याच्याकडे एखादा म्हातारा उचलून नेला असता तरी तो म्हणाला असता, आयसी गेला.

बायकोनं पहिली दोन वर्षं सहन केलं. मग एकदा आमटीचं पातेलं घेऊन येताना तिचा पाय तारेत अडकला आणि मधल्या स्पीकरला आमटीचा नैवेद्य झाला.

"अहो, घरात माणसं चार आणि खोकी पाच. ह्यातलं कोण बाहेर जाणार ते तुम्ही ठरवा."

"सहावं यायचंय अजून," मी म्हणालो. हे म्हणायला नको होतं.

खोकी मागच्या खोलीत गेली, टीव्हीही गेला. ही खोली आम्ही नव्यानं बांधलेली, उन्हाळ्यात आंबा ठेवायला. जांभ्या चिऱ्याच्या भिंती, त्यावर सिमेंटचा गुळगुळीत गिलावा, खाली चकचकीत लादी, वर स्लॅब, आणि आंब्याचे दोन महिने सोडले तर पूर्ण रिकामी. तिथे टाळी वाजवली की ती चारी भिंतींना भेटून, प्रत्येकीकडे चहा घेऊन, सावकाश परत यायची. मला वाटलं, वा, आवाज किती भरतोय.

दर वर्षी नवा भाग आला की बाबांना बोलावणं जायचं. ते यायचे, खुर्चीत बसायचे, "छान आहे" म्हणायचे, जायचे. मला त्या दोन शब्दांचा असा राग बसला होता, की बँकेत एका खातेदारानं माझं अक्षर छान आहे म्हटलं तर मी त्याच्यावर खेकसलो.

दोन हजार चारच्या मार्चमध्ये ते घडलं. सहाच्या सहा खोकी एकाच दिवशी जिवंत होती. पाल नव्हती, धूर नव्हता, विजेचा दाबही माणसांत होता. मी कोर्टाचा सिनेमा आणला. मुद्दाम. साक्षीदार, उलटतपासणी, न्यायाधीशाचा हातोडा, सगळं बाबांच्या ओळखीचं. बटण दाबलं आणि घर हललं. स्वयंपाकघरातल्या बरण्या फळीवरून चालायला लागल्या. शेळीनं दावं तोडलं. देवरूखला कुणीतरी अंथरुणात उठून बसलं असेल, माझी खात्री आहे.

बाबा खुर्चीच्या काठावर आले. पडद्यावरची साक्षीदार बाई रडत रडत जबानी देत होती. बाबांनी कानामागे हात धरला. असं त्यांनी कधीच केलं नव्हतं. मी रिमोट हातात धरून उभा. आई दारात. बाई बोलत राहिली आणि बाबांचा हात हळूहळू खाली आला.

"आवाज पुष्कळ आहे रे," ते म्हणाले. "शब्द कुठे आहेत?"

आणि ओटीवर गेले.

मी सबवूफरला लाथ घातली. फणसाचं लाकूड जिंकलं. पुढचा आठवडाभर मी बँकेत लंगडत होतो आणि विचारेल त्याला बागेत रानडुक्कर आडवं आलं म्हणून सांगत होतो. शनिवारपर्यंत रानडुकराला दोन पिल्लंही झाली होती.

एप्रिल संपता संपता आमच्या कलमांचा आंबा उतरला. आई आणि बायको भाताण, म्हणजे भाताचा पेंढा, घेऊन मागच्या खोलीत आल्या. आंबा पिकवायला पेंढ्यात थरावर थर लावून ठेवतात ती आढी.

"दरवर्षीसारखं तुझं सामान हलव," आई म्हणाली.

"राहू दे तिथेच. पुरून टाका."

त्यांनी ते शब्दशः घेतलं. लादीवर वीतभर पेंढा, त्यावर आंबे, त्यावर पेंढा. उरलेल्या पेंढ्या भिंतींना लावून छातीपर्यंत रचल्या. देव्हाऱ्यांचे कळस तेवढे वर दिसत होते, पुरात बुडालेल्या देवळांसारखे.

आढीत रोज बघून पिकला आंबा वेगळा करायचं काम बाबांचं. एका दुपारी ते भिंतीकडे तोंड करून पेंढा चाचपत होते. मी टीव्हीमागे वाकून तारा सोडवत होतो. सगळं विकून टाकायचं मी ठरवलं होतं. अॅम्प्लिफायर काढून दाराशी ठेवला होता. तार बरोबर सुटली का ते बघायला टीव्ही लावला, आणि तो आपल्या स्वतःच्या बारक्या आवाजात पुटपुटायला लागला. बातम्या होत्या. यंदा पाऊस वेळेवर येणार, असं निवेदिका सांगत होती.

"दरवर्षी हेच सांगतात," बाबा पाठमोरेच म्हणाले. "मग आमचा आंबा भिजतो तेव्हा ही बाई कुठे असते?"

मी तारेसकट थिजलो. योगायोग असेल, मनात म्हटलं. तेवढ्यात आई दारात आली आणि हळूच म्हणाली, "अहो, तळातले डागी तेवढे वेगळे काढा."

"काढलेत. डोळे आहेत मला."

आईच्या हातात सूप होतं ते तसंच राहिलं. गेली कित्येक वर्षं ती बाबांशी खाडीपलीकडच्या माणसाशी बोलावं तसं बोलत आली होती. आज चुकून हळू बोलली होती. तिनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे बघितलं. कुणी काही बोललं नाही. आमच्या पद्धतीप्रमाणे.

मी आवाज आणखी कमी केला. बाबांचं निवेदिकेशी भांडण चालूच राहिलं. अॅम्प्लिफायर दाराशी मेलेला पडला होता. माझ्या सहा खोक्यांपैकी एकाचीही तार कशाला जोडलेली नव्हती. पेंढा सगळा प्रतिध्वनी पिऊन टाकतो आणि मागे नुसते शब्द राहतात, हे मला तेव्हा कळलं. कळलं म्हणजे संतापानं डोळ्यांत पाणी आलं. सहा वर्षं मी त्या माणसावर आवाज ओतत होतो, आणि खोली तो ढवळून त्याचा चिखल करत होती.

त्या मे महिन्यात आमचं घर आढीत राहायला गेलं. संध्याकाळ झाली की चौघेही पाट घेऊन आंब्यांच्या मधे बसायचो. अंगाला पेंढा टोचायचा, वासानं डोकं जड व्हायचं, पण बाबा बोलायचे. साठलेलं सगळं बोलायचे. मुंबईला गेलेल्या भाच्यांची चौकशी, माझ्या बँकेतल्या साहेबाची उलटतपासणी, बायकोच्या माहेरचा जमिनीचा खटला. ते हसायचे, टोमणे मारायचे, मधेच टीव्हीला गप्प बस म्हणायचे.

एकदा त्यांनी विचारलं, "ती शेळी कुणाची गो? इतकी वर्षं बघतोय. कुणी काही बोलत कसं नाही?"

बायको हसली. "बाबा, तुम्हीच बांधायला सांगितलीत की."

"मी?"

"शेजारचे विचारायला आले होते. तुम्ही मान डोलावलीत."

बाबांनी हातातला आंबा खाली ठेवला. आमच्या तिघांकडे एकेक करून बघितलं, साक्षीदाराकडे बघायचे तसं. "मग डोलावली असेन," म्हणाले, आणि त्या संध्याकाळी पुढे फारसं बोलले नाहीत.

महिनाअखेर आंबा संपला. पेंढा आंबूस झाला, चिलटं झाली, मुंगळे झाले. आई म्हणाली, उद्या हे सगळं बाहेर काढायचं. मी आडवा पडलो.

"पेंढा राहणार."

"वेडा आहेस का? पेंढ्यात उंदीर येतात. आणि उंदरांमागून काय येतं ठाऊक आहे ना?"

"येऊ दे. तेही ऐकेल बातम्या."

दुसऱ्या दिवशी मी बँकेत असताना पेंढा बाहेर गेला, आणि त्या शेळीनं तो खाल्ला. माझ्या सगळ्या यंत्रणेतला एकच उपयोगी भाग शेळीच्या पोटात गेला.

मग मी गाद्या आणल्या. गोधड्या, सतरंज्या, तांदळाची पोती, लग्नातली शाल, जे हाताला लागलं ते भिंतींना लावायला सुरुवात केली. सिमेंटच्या गिलाव्यात खिळा शिरत नाही आणि शिरलाच तर आतला चिरा त्याला थुंकून बाहेर टाकतो. बाबांना खुर्चीत बसवून मी स्टुलावर चढलेला, तोंडात चार खिळे, एका हातात आईची गोधडी. एक टोक लावलं की दुसरं सुटायचं. टीव्ही चालू होता आणि त्याचं बोलणं परत भिंतीभिंतींवर हिंडायला लागलं होतं.

"उतर खाली," बाबा म्हणाले.

"एवढी एक लावतो. मग बघा."

"अरे, उतर. भिंतीला काय लावतोस? मला ऐकू येत नाही."

मी खिळे तोंडातून काढले. बायको दारात आली होती, ती तिथेच थांबली.

"आज नाही," बाबा म्हणाले, "बरीच वर्षं झाली. तुम्हा सगळ्यांना ठाऊक आहे ते मला त्या शेळीच्या दिवशी कळलं. आता माझ्या कानाला काय लावता येतं ते बघू या. गोधडी सोडून."

स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "चहा टाकू का?" तिला दुसरं काही सुचलं नसावं.

सहा वर्षांत घरातल्या कुणालाही म्हणता आलं नाही ते वाक्य त्यांनीच म्हटलं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. खरं सांगतो, मला आधी राग आला. अठ्ठ्याण्णव साली म्हणाले असते तर?

कानाच्या डॉक्टरांनी पावट्याएवढं यंत्र दिलं. येताना रिक्षात बाबा वाटभर रिक्षाच्या आवाजाविषयी तक्रार करत होते, आणि रिक्षावाल्याला गिअर बदलायला शिकवत होते. घरी पोचेपर्यंत तो रडकुंडीला आला होता.

मी सकाळीच सगळी खोकी परत जोडून ठेवली होती. विकायचं रद्द. आता बाबांना कान आले होते, आता बघू देत त्यांना, सहा वर्षं मी काय उभं केलं ते. आई, बायको, सगळ्यांना बोलावलं. अॅम्प्लिफायर सुरू केला. सिनेमा अजून लावायचा होता, तोच बाबांनी हात वर केला.

"हा गुंगुं कसला?"

"कसला?"

"हा. सारखा येतोय."

"समुद्र असेल."

"समुद्र मला ठाऊक आहे. हा ह्या देव्हाऱ्यातून येतोय."

मी कान लावला. गुंगुं होता. पोळ्यातल्या माश्यांसारखा, जाडजूड, अखंड. मी आजवर त्याला खरोखरच समुद्र समजत आलो होतो. मी बायकोकडे बघितलं.

"पहिल्यापासून आहे," ती म्हणाली.

"पहिल्यापासून? मग बोलली का नाहीस?"

"एवढ्या हौसेनं करत होतात. तोंडावर कसं सांगायचं?"

"मला वाटलं ते तसंच असतं," आई म्हणाली.

मी अॅम्प्लिफायर बंद केला, त्याची तार काढली आणि टीव्ही लावला. गुंगुं थांबला, आणि टीव्ही आपला आपण पुटपुटायला लागला. बाबांनी खुर्ची पुढे ओढली.

"बाजूला हो रे. बातम्या लागल्यात."

मी बाजूला झालो. पाट स्वयंपाकघरात होते आणि खोलीत दुसरं बसायला काही नव्हतं, म्हणून सबवूफरवर बसलो.